मुलांचा कॉलेज-प्रवेश : घरच्यांचे काम

आता तुम्हाला नाव वाचता येते. तारीख वाचता येते. पावतीवरचा आकडा वाचता येतो. या तीन गोष्टी ज्याला येतात, त्या माणसाला आपल्या मुलाच्या कॉलेज-प्रवेशात मोठे काम करता येते. ते काम कोणते, हे या पाठात सांगायचे आहे.

शिवमंदिराच्या आसपास राहणारे पुष्कळ आईबाप म्हणतात, "गुरुजी, आम्हाला कॉलेजातले काय कळते? पोरगा हुशार आहे, तो बघेल त्याचे." हे बोलणे अर्धे बरोबर आहे. अभ्यास पोरानेच करायचा. बीजगणित तुम्हाला आले नाही तरी चालेल. पण प्रवेशाला दोन गोष्टी लागतात. एक मार्क. दुसरी कागद आणि तारखा. मार्क मुलाने मिळवायचे. कागद आणि तारखा घरच्यांनी सांभाळायच्या.

दरवर्षी जून-जुलैत एक गोष्ट घडते. मुलाला मार्क चांगले असतात. यादीत नावही लागते. पण एक दाखला नसतो. दाखला काढायला आठ-पंधरा दिवस लागतात आणि मुदत चार दिवसांची असते. जागा दुसऱ्याला जाते. मुलाचे एक वर्ष जाते. कधी कधी शिक्षणच सुटते. तहान लागल्यावर विहीर खणायला बसले, म्हणजे असे होते.

१. लिहिलेले टिकते

आपले शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. ते साडेनऊशे वर्षांहून जुने आहे. हे कशावरून कळले? देवळात दगडावर लेख कोरलेला आहे. त्यात शके ९८२ असे साल आहे. म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा माम्वाणी याचे नावही आहे. साल आणि नाव कोरले नसते, तर देऊळ कोणाच्या काळातले यावर आज नुसता वाद चालला असता.

मुलाच्या कागदांचेही असेच आहे. "आमचे उत्पन्न कमी आहे," असे तोंडाने सांगून भागत नाही. "आम्ही इथे वीस वर्षे राहतो," हे शेजाऱ्यांना ठाऊक असते, पण कॉलेजला ठाऊक नसते. कॉलेज कागद पाहते. कागदावरचे नाव आणि साल पाहते.

२. आधी नाव जुळवा

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट ऐका. ते कोकणातल्या मुरूडचे. सन १८७५ च्या सुमारास त्यांना एका सरकारी परीक्षेला बसायचे होते. परीक्षा साताऱ्याला. ते सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैल पायी गेले. परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पुरी लागत. ती झाली होती, पण ते अंगाने लहानखुरे दिसत. परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांना लहान ठरवले आणि बसू दिले नाही. एवढी पायपीट फुकट गेली. कर्वे डगमगले नाहीत. पुढे ते मॅट्रिक झाले, १८८४ साली बी. ए. झाले. त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

आज तोंडाकडे पाहून वय ठरवीत नाहीत. कागदावरून ठरवतात. म्हणून कागद बरोबर हवा.

मुलगा नववीत गेला की एक दिवस बसा. शाळेतली नोंद, जन्माचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा. चार गोष्टी ताडून पाहा. मुलाचे नाव. बापाचे नाव. आईचे नाव. जन्मतारीख. मराठीत पाहा आणि इंग्रजी अक्षरांतही पाहा. एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी असेल, एका अक्षराचा फरक असेल, तर तो लिहून काढा.

चूक शाळेच्या नोंदीत असेल, तर मुख्याध्यापकांना भेटा. दहावीच्या बोर्डाचा अर्ज भरण्याआधी शाळेत दुरुस्ती करणे सोपे असते. एकदा बोर्डाच्या गुणपत्रकावर चुकीचे नाव छापले गेले, की मग हेलपाटे सुरू होतात. चूक आधार कार्डात असेल, तर आधार केंद्रात जाऊन दुरुस्त करून घ्या.

३. दाखल्यांची पिशवी

घरात एक जाड पिशवी किंवा फाईल करा. तीत मुलाचे कागद ठेवा. ती उंदीर, पाणी आणि लहान पोरे यांच्यापासून दूर ठेवा. पावसाळ्यात वालधुनीला पाणी चढते, हे नदीकाठच्या लोकांना सांगायला नको. पिशवी उंच फळीवर ठेवा.

तीत हे कागद असावेत :

(अ) सर्वांसाठी : जन्माचा दाखला, आधार कार्ड, दहावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, फोटो.

(आ) उत्पन्नाचा दाखला. हा तहसीलदारांचा असतो. फी-सवलत आणि शिष्यवृत्ती यांसाठी लागतो.

(इ) वय, अधिवास व राष्ट्रीयत्व यांचा दाखला. लोक याला डोमिसाईल म्हणतात. इंजिनिअरिंग, वैद्यकी अशा शिक्षणाला लागतो.

(ई) राखीव जागेतून प्रवेश हवा असेल, तर जातीचा दाखला. धंदेशिक्षणाच्या कॉलेजात जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते पडताळणी समिती देते. याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. म्हणून मुलगा अकरावीत असतानाच अर्ज करावा.

(उ) इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग यांना नॉन-क्रिमिलेअर दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमातींना तो लागत नाही. या दाखल्याला मुदत असते. ती ३१ मार्चला संपते. कोणत्या सालच्या ३१ मार्चला, ते दाखल्यावर लिहिलेले असते. ते साल स्वतः वाचा.

(ऊ) जे राखीव वर्गात नाहीत आणि ज्यांचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढता येतो. मात्र जमीन आणि घर यांच्याही अटी आहेत. दाखला देणारे त्या तपासतात.

हे दाखले "आपले सरकार" सेवा केंद्रातून मागता येतात. अर्ज दिला की पावती मिळते. पावतीवरची तारीख वाचा. त्या तारखेला जाऊन विचारा. पावतीही पिशवीत ठेवा. दाखला मुदतीत दिला नाही, तर मूल खुल्या वर्गात धरले जाते. मग जागाही जाते आणि फीही पुरी पडते.

४. गावी जाल तेव्हा

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ही पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांची वस्ती आहे. कोणी कोकणातून आले, कोणी खानदेशातून, कोणी मराठवाड्यातून. जुना कागद मात्र गावीच राहिला.

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा मागतात. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. त्या वेळी आपले वाडवडील जिथे राहत होते, तिथूनच सहसा दाखला काढावा लागतो.

म्हणून मे महिन्यात लग्नाला, जत्रेला गावी जाल, तेव्हा एक दिवस या कामाला द्या. आजोबा ज्या शाळेत गेले, त्या शाळेतून त्यांच्या नोंदीचा उतारा मागा. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी तहसील कचेरीत मिळतात का पाहा. काकाला किंवा चुलत भावाला वैधता मिळाली असेल, तर तिची प्रत मागून घ्या. ती फार उपयोगी पडते.

५. दहावीनंतरच्या वाटा

दहावीनंतर वाट एकच नाही. मुख्य तीन आहेत.

पहिली, अकरावी-बारावी. यात कला, वाणिज्य, शास्त्र असे भाग आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. अकरावीत जे विषय घेतले, त्यांवर पुढची दारे ठरतात. इंजिनिअर व्हायचे तर भौतिकशास्त्र आणि गणित हवे. डॉक्टर व्हायचे तर जीवशास्त्र हवे. शेजारच्या पोराने शास्त्र घेतले म्हणून आपल्यानेही घ्यावे, हे खरे नव्हे. मुलाला कोणता विषय आवडतो आणि कोणत्या विषयात मार्क पडतात, हे आधी पाहा.

दुसरी, डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षे. मग नोकरी करता येते, किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मागता येतो.

तिसरी, आयटीआय. अंबरनाथला सरकारी आयटीआय आहे. आपला गाव कारखान्यांचा आहे. येथे फिटर, वेल्डर, वीजतंत्री यांचे काम काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. हाताला हुन्नर आला की पोटाला भाकरी मिळते. आयटीआयला जाणे म्हणजे मागे पडणे, असे समजू नका.

६. अकरावीचा अर्ज

पूर्वी आपल्या भागात आणि मोठ्या शहरांतच अकरावीचा अर्ज संगणकावर भरावा लागे. २०२५ पासून साऱ्या महाराष्ट्रात एकच पद्धत झाली. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मुलाची माहिती. दुसऱ्या भागात कॉलेजांची पसंती. २०२५ साली दहा कॉलेजांपर्यंत नावे देता येत होती.

त्या वर्षी नियम असा होता : पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागे. न घेतल्यास मुलगा पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाद होई. म्हणून पहिल्या जागी उगाच मोठे नाव लिहू नये. जेथे खरोखर जायचे आहे, तेच लिहावे. आणि सगळीच नावे अवघड कॉलेजांची देऊ नयेत. मागच्या वर्षी किती मार्कांवर यादी थांबली, ते पाहावे. दोन-तीन नावे खात्रीची ठेवावीत.

कॉलेज निवडताना गाडीचाही विचार करा. सकाळी अंबरनाथहून कल्याणकडे जाणारी लोकल कशी भरलेली असते, ते आपण रोज पाहतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथेही कॉलेजे आहेत. उल्हासनगरची काही कॉलेजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी समाजाने उभी केली. तेथे काही जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात, पण बाकीच्या जागा सर्वांना खुल्या असतात. रोजचे दोन-तीन तास गाडीत गेले, तर अभ्यास केव्हा होणार? हे मुलाशी बसून बोला.

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. २०२५ साली नोंदणी २१ मे ला सुरू होणार होती, पण पहिल्याच दिवशी संकेतस्थळ चालेना. नोंदणी २६ मे ला सुरू झाली. असे झाले तर घाबरू नये. रोज सूचना पाहावी. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका शाळेत विचारून वाचावी.

७. बारावी : निकालाआधीच्या तारखा

पुष्कळ लोक समजतात, बारावीचा निकाल लागला की मग प्रवेशाचे पाहू. तोवर उशीर होतो.

२०२५ सालच्या तारखा पाहा. बारावीचा निकाल ५ मे ला लागला. डॉक्टरीची नीट परीक्षा ४ मे ला, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशीच झाली. तिचे अर्ज ७ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात घेतले. इंजिनिअरिंग आणि औषधनिर्माण यांच्या सीईटीचे अर्ज त्याही आधी, ३० डिसेंबर २०२४ ला सुरू झाले आणि परीक्षा एप्रिलमध्ये झाल्या. ज्याने अर्जच भरला नाही, त्याला बारावीत कितीही मार्क पडले तरी काय उपयोग? बीबीए, बीसीए, बीएमएस यांनाही २०२४ पासून सीईटी लागू झाली आहे.

अंबरनाथला २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण कॉलेज आपल्या गावात आहे म्हणून आपल्या मुलाला जागा मिळत नाही. नीटचे मार्क लागतात.

बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. यांचा मार्ग वेगळा आहे. आपली बहुतेक कॉलेजे मुंबई विद्यापीठाची आहेत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, आणि मग ज्या ज्या कॉलेजात जायचे, तेथे वेगवेगळा अर्ज द्यायचा. नुसते नाव नोंदवून घरी बसलेल्याला प्रवेश मिळत नाही.

म्हणून मूल बारावीत गेले की दिवाळीत नवे कॅलेंडर आणा. मुलाला विचारा, "बाळा, तुझा अर्ज केव्हा सुटतो?" ती तारीख स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहा. अर्जाची सुरुवात लाल शाईने. शेवटचा दिवसही लाल शाईने.

८. पैशाची सोय

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. हुशारी होती, पण घरी कॉलेजचा खर्च झेपत नव्हता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. त्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. बाबासाहेबांच्या वेळी महाराजांपर्यंत पोहोचवणारा माणूस लागला. आज सरकारच्या योजना आहेत. पण अर्ज करावाच लागतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करतात. पैसे मुलाच्या बँक खात्यात येतात. ते खाते आधारला जोडलेले हवे. हे बँकेत विचारून घ्या.

लेकीच्या आईबापांनी हे नीट वाचावे. २०२४-२५ पासून धंदेशिक्षणाच्या कॉलेजात इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक यांतील मुलींची शिक्षण-फी आणि परीक्षा-फी सरकार भरते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे. प्रवेश सरकारी फेरीतून झालेला असावा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेला नसावा. तेव्हा "पोरीच्या शिक्षणाला पैसा कुठला?" असे म्हणण्याआधी अर्ज करून पाहा.

९. फसू नका

"दहा हजार द्या, प्रवेश करून देतो," असे सांगणारे जूनमध्ये भेटतात. त्यांना पैसे देऊ नका. मूळ गुणपत्रक किंवा शाळेचा मूळ दाखला त्यांच्या हाती देऊ नका. अर्जाचा पासवर्ड आणि मोबाईलवर आलेला आकडा कोणाला सांगू नका. सायबर कॅफेत अर्ज भरला, तर भरलेला अर्ज छापून घ्या. नाव, तारीख, पसंती स्वतः वाचा. मगच पुढे पाठवा म्हणावे. फी भरली की पावती घ्या.

१०. मार्क कमी पडले तर

दहावीत एक-दोन विषय राहिले, तरी अकरावीला सवलतीने प्रवेश मागता येतो. जून-जुलैत पुरवणी परीक्षाही होते. निकालाच्या दिवशी मुलाला टाकून बोलू नका. त्या दिवशी त्याला पोटभर जेवू घाला. दुसऱ्या दिवशी पिशवी काढा आणि पुढची वाट शोधा. वर्ष वाया गेले तर भरून काढता येते. मूल मनाने खचले, तर त्याला उभे करणे फार कठीण.

बंधुभगिनींनो, मूल अभ्यासाला बसते, तेव्हा आई चूल सांभाळते, बाप पाळीवर जातो. तो त्यांचा वाटा असतोच. आता तुम्ही वाचायला शिकलात, म्हणून आणखी एक वाटा तुमच्याकडे आला आहे. घरातली पिशवी तुमच्या हाती असू द्या.

शब्दांचे अर्थ

अधिवास : कायम राहण्याचे ठिकाण.
वैधता : कागद खरा असल्याची सरकारी खात्री.
पसंती : आपल्याला हवे असलेले, निवडलेले.
हुन्नर : हाताचे कसब.
हेलपाटे : एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा जाणे.

प्रश्न

१. शाळेतल्या नावाची चूक केव्हा दुरुस्त करून घ्यावी?
२. नॉन-क्रिमिलेअर दाखल्यावर कोणती गोष्ट वाचावी?
३. २०२५ साली नीट परीक्षा आधी झाली, की बारावीचा निकाल आधी लागला?
४. पहिल्या पसंतीचे कॉलेज विचार करून का लिहावे?

करून पाहा

आज घरी जाऊन मुलाचे आधार कार्ड आणि शाळेचे प्रगतिपुस्तक शेजारी ठेवा. दोन्हींवरचे नाव आणि जन्मतारीख वहीत उतरवा. फरक दिसला, तर उद्या वर्गात वही घेऊन या.